क्रिमिनल जस्टिसच्या कोष्टकात एक रकाना राहिला

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, आता अमेरिकेत असल्यामुळे फोनवर वाचते एवढाच फरक. गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणाचं जे पानभर कोष्टक होतं त्यात क्रिमिनल जस्टिसच्या, म्हणजे गुन्हा आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासक्रमाच्या, पुढे संधी म्हणून एफबीआय, पोलीस, डिटेक्टिव्ह, फॉरेन्सिक लॅब असं एका दमात लिहिलंय, आणि ते वाचून मी चहा तसाच ठेवून हे पत्र टाईप करायला बसले, कारण ह्या असल्या एका ओळीपायी दरवर्षी दोन-तीन पोरं माझ्या टेबलासमोर रडकुंडीला येऊन बसतात.

मी इकडे एका सरकारी युनिव्हर्सिटीत ह्याच डिपार्टमेंटला ॲडव्हायजर आहे. शिकवत नाही. कुठल्या सेमिस्टरला कुठला विषय घ्यायचा, डिग्री वेळेत पुरी होतेय का, रजिस्ट्रेशन कशामुळे अडकलंय, इंटर्नशिपचा फॉर्म कुणाकडे जातो, ही सगळी खालची कामं माझी. त्यामुळे मी जे सांगतेय ते ब्रोशरमधलं नाही.

तर एफबीआयचा स्पेशल एजंट व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं. लागतं म्हणजे लागतंच, ग्रीन कार्डसुद्धा चालत नाही. वय किमान २३ आणि नेमणुकीच्या वेळी ३७ च्या आत, कुठलीही डिग्री आणि वर दोन वर्षं फुल टाइम नोकरीचा अनुभव. डिग्री क्रिमिनल जस्टिसचीच पाहिजे असं त्यांचं अजिबात म्हणणं नाही, अकाउंटिंगवाले, कॉम्प्युटरवाले, वकील, परदेशी भाषा येणारे असे सगळे ते घेतात. त्यांची इंटर्नशिपही नागरिकांनाच. सीक्रेट सर्व्हिस आणि डीईए, म्हणजे अमली पदार्थविरोधी खातं, ह्यांचंही तेच. शहराच्या आणि राज्याच्या पोलिसांत प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये नागरिकत्वाची अट काढली आणि इलिनॉयमध्ये २०२४ पासून कामाचा परवाना असलेल्यांना पोलिसात जाता येतं, पण त्याचा उपयोग मुख्यतः ग्रीन कार्डवाल्यांना आणि लहानपणीच इकडे आलेल्या मुलांना. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि हातात वर्षभराचा वर्क परमिट असलेल्या पोराला पोलीस अकॅडमीत कोण घेणार हो.

ह्यात कुणाचा दुष्टपणा नाहीये. हा कोर्स मुळात त्यांनी त्यांच्या पोलिसांसाठीच काढला. बर्कलीचा पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर, त्याने १९१६ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत पोलिसांना शिकवायचे उन्हाळी वर्ग सुरू केले. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज आज जगभर माहितीये, ते १९६४ मध्ये निघालं तेव्हा त्याचं नाव होतं कॉलेज ऑफ पोलीस सायन्स. मग १९६८ च्या कायद्याने सरकारने नोकरीतल्या पोलिसांना कॉलेजात जायला पैसे दिले आणि गावोगाव ही डिपार्टमेंटं उगवली. म्हणजे घर त्यांनी त्यांच्या माणसांसाठी बांधलंय, पाहुण्याने आत जाण्यापूर्वी कुठल्या खोलीला कुलूप आहे हे विचारून घेतलेलं बरं.

आणि फॉरेन्सिक. हे तर दर वर्षी समजावते. क्रिमिनल जस्टिस म्हणजे फॉरेन्सिक सायन्स नव्हे. इथे पोलीस, कोर्ट, तुरुंग, प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं), गुन्हा का होतो, पीडितांचं काय होतं हे शिकवतात. लॅबमध्ये डीएनए तपासायचा असेल तर केमिस्ट्री नाहीतर बायोलॉजी पाहिजे, प्रयोगशाळेच्या तासांसकट. बारावीनंतर सायन्स नको म्हणून ह्या कोर्सला आलेली आणि तिसऱ्या वर्षी लॅबमध्ये नोकरी मागणारी मुलगी माझ्यासमोर बसलेली असते तेव्हा तिला काय सांगायचं? तिला ज्या एजंटने पाठवलं त्याने फॉरेन्सिक हा शब्द चार वेळा वापरलेला होता म्हणे. फॉरेन्सिकच करायचं असेल तर युनिव्हर्सिटीच्या पानावर फेपॅकची, म्हणजे फॉरेन्सिक कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का ते शोधा.

ह्यातच एक बारीक गोष्ट दडलेली आहे जी पालकांना कोणी सांगत नाही. व्हिसासाठी युनिव्हर्सिटीकडून आय-२० नावाचा जो कागद येतो त्यावर कोर्सच्या नावाशेजारी एक आकडी कोड असतो. फॉरेन्सिक सायन्सचा कोड सरकारच्या स्टेम यादीत, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित ह्या विषयांच्या यादीत आहे, साध्या क्रिमिनल जस्टिसचा नाही. स्टेम असेल तर डिग्रीनंतरच्या ओपीटीवर, म्हणजे १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीवर, अजून २४ महिने काम करता येतं, नसेल तर १२ महिने आणि खेळ खलास, म्हणजे तेवढ्यात कुठल्यातरी कंपनीने एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज भरला पाहिजे आणि लॉटरी लागली पाहिजे. एकाच डिपार्टमेंटमध्ये दोन डिग्र्या शेजारी शेजारी असतात, एक सायबर नाहीतर डिजिटल फॉरेन्सिककडे झुकणारी आणि एक साधी, आणि कोड वेगवेगळे. फी भरण्याच्या आधी ईमेल करून कोड विचारा, फुकट आहे. हे नियम बदलत असतात, त्यामुळे ज्या वर्षी जाताय त्या वर्षीचे बघा, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचे नकोत.

मग जायचंच नाही का? अहो जा की. मला स्वतःला हा विषय फार आवडतो. फक्त कुठली दारं उघडी आहेत ते बघून जा. बँकांमध्ये मनी लाँडरिंग पकडणारे ॲनालिस्ट लागतात, विमा कंपन्यांत फ्रॉड तपासणारे, मोठ्या कंपन्यांत कंप्लायन्सचे, म्हणजे कायदे-नियम पाळले जातायत का ते बघणारे लोक, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, सुटलेल्या कैद्यांना परत उभं करणाऱ्या संस्था, आणि आकडे येत असतील तर क्राईम डेटावर काम करणाऱ्या रिसर्च सेंटर्स. ह्यातलं बरंचसं काम करायला अमेरिकेचा पासपोर्ट लागत नाही आणि परत भारतात आलात तरी कामी येतं. एफबीआयच्या टोपीएवढं ते फोटोत चांगलं दिसत नाही, हे खरं.

शिकता शिकता मिळणाऱ्या संधीही आहेत आणि त्या मुलं हमखास सोडतात. कोर्टात जाऊन बसायला परवानगी लागत नाही, बहुतेक सुनावण्या उघड्या असतात, एक सकाळ जामिनाच्या कोर्टात बसलात तर एका पुस्तकाएवढं कळतं, दर दोन-तीन मिनिटाला एक माणूस उभा राहतो आणि त्याचा महिना कसा जाणार ते ठरतं. बऱ्याच पोलीस खात्यांत फॉर्मवर सही करून एक शिफ्ट गाडीत बसून फिरता येतं. टेम्पल युनिव्हर्सिटीत १९९७ मध्ये इनसाइड-आउट नावाचा प्रकार सुरू झाला, त्यात कॉलेजची मुलं तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर एकाच वर्गात शिकतात, आता तो बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या युनिव्हर्सिटीत असेल तर डोळे झाकून घ्या. अल्फा फाय सिग्मा ही ह्या विषयाची ऑनर सोसायटी, म्हणजे चांगल्या मार्कांच्या मुलांची संघटना, १९४२ पासून आहे, मार्क चांगले असतील तर अर्ज करा, पण नुसतं रेझ्युमेवर नाव लावायला नको, त्यांच्या कार्यक्रमांना जा, तिथे भेटलेला एखादा निवृत्त प्रोबेशन ऑफिसर नोकरी लावून जातो.

आता रजिस्ट्रेशन. इथे खरं पाणी मुरतं.

पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन आधीच्या सेमिस्टरच्या मध्यालाच उघडतं आणि प्रत्येकाला एक ठराविक वेळ मिळते, ज्याचे क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांचे जमलेले एकक, जास्त त्याचा नंबर आधी. पहिल्या वर्षाच्या पोराचा नंबर येईपर्यंत चांगले वर्ग भरलेले असतात. त्यात अकाउंटवर होल्ड असेल, म्हणजे लायब्ररीचा दंड, लसीचा कागद, ॲडव्हायजरला न भेटणं, काहीही, तर सकाळी सातला बटण दाबून काही होत नाही आणि मग मला ईमेल येतो, सगळा कॅपिटल अक्षरांत. होल्ड आठवडाभर आधी बघायचा असतो. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि प्राध्यापकांना एक सभ्य ईमेल टाका, पहिल्या आठवड्यात लोक वर्ग सोडतात आणि जागा होते.

विषय निवडताना मुलं काय करतात तर सीरियल किलरवरचा, ड्रग्सवरचा असे झणझणीत विषय आधी घेतात आणि स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स हे शेवटाला ढकलतात. आमच्याकडे शेवटचा प्रोजेक्ट मेथड्स झाल्याशिवाय करता येत नाही, मेथड्स स्टॅटिस्टिक्सशिवाय नाही, आणि त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच असतो. एक कडी निसटली की निदान सहा महिने गेले, आणि परदेशी मुलाची सहा महिन्यांची फी म्हणजे किती ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच वर्षी ते संपवा. शिवाय नोकरी त्याच्यावरच मिळते. एफबीआयने २०२१ पासून गुन्ह्यांचे आकडे गोळा करायची पद्धतच बदलली, पूर्वी एका घटनेतला सगळ्यात मोठा गुन्हाच धरायचे, आता त्या घटनेतले सगळे गुन्हे, वेळ, जागा, शस्त्र असं नोंदवतात. हा डेटा वाचता येणारा पोरगा कुणालाही हवा असतो. मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून अकाउंटिंग, कॉम्प्युटर नाहीतर स्पॅनिश घ्या, सोशिऑलॉजी आवडत असेल तर घ्या पण ते बरंचसं ह्यातच येऊन जातं.

आणि १२ क्रेडिट. हे मोठ्या अक्षरात छापलंत तरी चालेल. एफ-१ वरच्या बॅचलर्सच्या मुलाला प्रत्येक नियमित सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. मागे एक मुलगा, हुशार, १२ वर होता, स्टॅटिस्टिक्सच्या परीक्षेत आपटला आणि रात्री दीडला फोनवरून त्याने तो विषय ड्रॉप केला. सकाळी मला फोन दाखवतोय, हिरव्या अक्षरात 'यशस्वी' असं आलं होतं. सिस्टिम त्याला अडवत नाही, सिस्टिमला काय त्याचं. ९ क्रेडिट राहिले, इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारलं नव्हतं, व्हिसाचं स्टेटस गेलं, मग ते परत मिळवायला अर्ज, पैसे, महिनोन् महिने वाट, आणि घरी फोन करायची हिंमत नाही. आधी विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आजारपण वगैरे काही ठराविक कारणांना ते ऑफिस कमी क्रेडिटला परवानगी देऊ शकतं, पण आधी, नंतर नाही. बरं, १२ हा किमान आकडा, डिग्री साधारण १२० क्रेडिटची, तेव्हा चार वर्षांत संपवायची तर सरासरी १५ पडतात. १५ घेतले असते तर एक विषय सोडूनही तो १२ वर राहिला असता.

इंटर्नशिपचंही असंच. बाहेर काम करायला सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी लागते, ती साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते आणि कामाच्या पहिल्या दिवसाआधी हातात पाहिजे. बिनपगारी असली तरी विचारा. कोर्ट किंवा प्रोबेशनच्या ऑफिसात पार्श्वभूमी तपासायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला नोव्हेंबरातच अर्ज करा. आणि ह्या तपासणीपायी एक नाजूक गोष्ट: काही राज्यांत गांजा दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे आणि व्हिसा केंद्राचा असतो. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीसुद्धा.

पालकांना एक विनंती. तुम्ही रात्री जागून मला फोन करता, मुलाचे मार्क विचारता आणि मी सांगत नाही म्हणून रागावता. १९७४ चा कायदा आहे, मुलाने लेखी संमती दिल्याशिवाय मला तुमच्याशी त्याच्या रेकॉर्डबद्दल बोलता येत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. पहिल्याच आठवड्यात मुलाला तो संमतीचा फॉर्म भरायला सांगा, मग मराठीत बोलू.

संपादक महोदय, पुढच्या वेळी ते कोष्टक छापाल तेव्हा 'संधी'च्या शेजारी अजून एक रकाना घाला: नागरिकत्व लागतं का. हो किंवा नाही, एवढंच. जागा कमी पडली तर माझ्या पत्रातलं वाटेल ते कापा, ते १२ क्रेडिटवालं सोडून.

आपली,
एक वाचक, अमेरिका