चित्रपटांची यादी करून देणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या यादीतले बहुतेक चित्रपट पाहून झाले, त्यांवरची टिपणेही लिहून झाली, आणि आता आपले रीतसर आभार मानल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. समोरासमोर आभार मानू लागले की आपण लगेच विषय बदलता. शिवाय आपल्या इमारतीत आपल्या सांगण्यावरून चित्रपट पाहणारे माझ्यासारखे आणखीही काहीजण आहेत, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे उघडच लिहीत आहे.

कचेरीतून येऊन घरचे आवरून झाले की मोबाइलवर जे पुढे येईल ते लावायचे आणि अर्ध्यात बंद करायचे, अशी माझी सवय होती. ग्रंथपाल असताना आपण वाचकांना ज्या आस्थेने पुस्तके काढून देत असाल, त्याच आस्थेने मला ही यादी लिहून दिलीत. हिरव्या शाईत लिहिलेल्या त्या पानावर चित्रपट चांगला की वाईट याविषयी अक्षरही नव्हते. प्रत्येक नावापुढे तो कधी आणि कसा पाहावा एवढेच होते. चित्रपट एका बैठकीत पाहायचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि नंतर कथानक न सांगता पाच-सहा ओळी लिहायच्या, या आपल्या अटींमुळेच मला चित्रपट खऱ्या अर्थाने दिसू लागले.

‘कोर्ट’ आणि ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ही दोन नावे आपण कंसात एकत्र बांधली होती आणि ‘लागोपाठच्या दोन रात्री’ असे लिहिले होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, जरा दूरच उभा असतो, आणि सुरुवातीला मला त्याचा कंटाळा आला हे खरे आहे. पण मॅनहोलमध्ये उतरून मरण पावलेल्या कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहते, आत झुरळे दिसली म्हणजे आत हवा आहे असे तिचा नवरा कसे ओळखत असे हे सपाट आवाजात सांगते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जाऊन आपल्याला रडायला लावत नाही, तेव्हा त्या अंतराचे कारण समजले. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली सरकारी वकील मला सर्वांत जवळची वाटली. आपल्या गाण्याने त्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या एका लोकशाहिराला तुरुंगात ठेवावे म्हणून युक्तिवाद करणारी ही बाई लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, आणि माझ्यासारख्याच दिनक्रमातल्या बाईच्या हातून असा अन्याय किती सहज घडू शकतो, हे कोणी भाषण न देता दाखवले जाते. न्यायालयातले दिवे एकेक करून बंद झाल्यावर चित्रपट संपला असे वाटते, आणि त्यानंतर न्यायाधीशांच्या सहलीचा भाग येतो. तो नसता तर हा चित्रपट निम्म्याने उणा झाला असता असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या रात्री सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा चित्रपट पाहिला. जवळजवळ सगळा चित्रपट एकाच खोलीत घडतो, उकाडा आहे, पंखा बराच वेळ चालत नाही आणि खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या ज्युरीतल्या बारा माणसांच्या हातात आरोपी मुलाचा जीव आहे. पहिल्या भागात कॅमेरा माणसांच्या डोळ्यांपेक्षा वर असतो आणि शेवटाकडे तो खाली उतरतो, त्यामुळे खोलीचे छत दिसू लागते आणि भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात, हे आपण आधी सांगितले नसते तर माझ्या लक्षात आले नसते. मात्र त्यांतल्या आठव्या ज्युरीने स्वतः जाऊन खुनातल्या चाकूसारखाच चाकू विकत आणणे मला खटकले, कारण पुरावा न्यायालयाबाहेर शोधणे हे ज्युरीचे काम नव्हे. आपल्याकडे आता ज्युरी पद्धत नाही, तरीही एका खोलीतल्या बहुमताला एकट्याने ‘थांबा’ म्हणणे किती कठीण असते, हे कोणत्याही सोसायटीच्या सभेला बसलेल्या माणसाला कळेल. ‘कोर्ट’मध्ये असे म्हणणारा वकील आहे, पण तिथे खटल्याची पुढची तारीख त्याच्यावर मात करते; दोन चित्रपट शेजारी ठेवल्यामुळेच मला हे दिसले.

भयपट मी आजवर कटाक्षाने टाळले होते. ‘तुंबाड’पुढे आपण ‘पावसाळ्यात, दिवे मालवून’ असे लिहिलेत म्हणून धीर केला. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटात पाऊस थांबत नाही, पण मला भीती सोने राखणाऱ्या हस्तर या शापित देवाची वाटली नाही. बाप मुलाला केवळ सरावासाठी हस्तरच्या गर्भगृहात उतरवतो आणि मुलगा बापाला खूश करण्यासाठी हस्तरला भुलवायची कणकेची बाहुली लपवून सोबत आणतो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. लोभ घराण्यात असा शिकवून उतरवला जातो, हेच त्या चित्रपटातले खरे भय आहे.

त्यानंतर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिला आणि मन हलके झाले. दादासाहेब फाळके यांच्या घरातल्या वस्तू विकल्या जात असताना परेश मोकाशी कुठेही गळा काढत नाहीत, आणि सरस्वतीबाईंना कौतुकापुरते न ठेवता कामाला लावतात, याचे मला विशेष वाटले. ‘वळू’ घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिला आणि पोट धरून हसलो. त्याविषयी अधिक लिहायची गरज नाही.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’पुढे ‘दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच’ ही सूचना होती, आणि ती किती योग्य होती हे आपण जाणताच. इसाओ ताकाहाता यांचा हा १९८८ सालचा जपानी ॲनिमेशनपट आहे. खाऊच्या गोळ्या संपलेल्या डब्यात भाऊ पाणी ओततो आणि त्या पाण्याची गोडी धाकट्या बहिणीला चाखवतो. बॉम्बहल्ल्यांच्या दृश्यांपेक्षा हा डबा मला युद्धाविषयी अधिक सांगून गेला. कार्टून म्हणजे लहान मुलांसाठीच, असे म्हणणाऱ्या माझ्या भावाला मी तो पाहायला लावला आहे.

काका, माझे एकही टिपण आपण दुरुस्त केले नाहीत. मतभेद झाला तेव्हा ‘ते दृश्य पुन्हा पाहा’ एवढेच म्हणालात, आणि त्यामुळे माझे मत हे माझेच राहिले. याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे.

यादीतला ‘श्वास’ अजून राहिला आहे. त्यापुढे आपण ‘घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर’ असे लिहिले आहे. आई पुढच्या आठवड्यात गावाहून येत आहे, तेव्हा तो तिच्याबरोबर पाहीन आणि टिपण आपल्याकडे पोचते करीन.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची शेजारीण