यानाचेकला ‘उशिरा बहर’ आला नव्हता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेओश यानाचेकवरचा लेख वाचला. चेक संगीतकार म्हटलं की ड्वोर्झाक आणि फार तर स्मेताना, एवढ्यावर आपल्याकडे विषय संपतो. तिथं यानाचेकला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आता तक्रार.

लेखकमहाशयांच्या म्हणण्याप्रमाणे हा माणूस साठी उलटेपर्यंत ब्रनोतला एक साधा संगीतशिक्षक होता, मग तरुण कामिला भेटली आणि त्याच्या प्रतिभेला ‘उशिरा बहर’ आला. छान गोष्ट आहे. फक्त तारखा पाहायच्या राहिल्या. कामिला श्टेस्लोवा त्याला लुहाचोवित्से इथं भेटली १९१७ च्या उन्हाळ्यात. ‘येनूफा’ हा त्याचा ऑपेरा प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गाजला २६ मे १९१६ रोजी. आणि तो लिहून झाला होता १९०३ मध्ये, यानाचेक पन्नाशीच्याही आत असताना! ब्रनोच्या छोट्या नाट्यगृहात, अपुऱ्या वाद्यवृंदावर, १९०४ च्या जानेवारीत त्याचे प्रयोगही सुरू झाले होते. मग बारा वर्षं प्रागला काय झालं होतं?

प्रागच्या ऑपेरा विभागाचे प्रमुख होते कारेल कोवार्झोविट्स. १८८७ मध्ये यानाचेकनं त्यांच्या एका ऑपेराची सालटी काढणारं परीक्षण लिहिलं होतं. ते त्यांनी मनात धरलं. ‘येनूफा’ परत पाठवला. अखेर पुष्कळांनी रदबदली केल्यावर होकार दिला, तोही या अटीवर की त्याच्या संगीतावर स्वतःचा हात फिरवणार. काही जागा कापल्या, वाद्यमेळ बदलला, आणि जगानं पुढची कित्येक दशकं तोच ‘येनूफा’ ऐकला. चार्ल्स मॅकेरससारख्या वाद्यवृंद-संचालकानं मूळ वाद्यमेळ पुन्हा ऐकवला, तोपर्यंत यानाचेकला जाऊन अर्धं शतक उलटलं होतं. या सगळ्याला ‘उशिरा बहर’ म्हटलं की अडवणारा आपोआप सुटतो आणि सगळा उशीर कलावंताच्या नावावर पडतो.

मला हे इतकं लागतं, कारण आमच्या घरात ते घडलेलं आहे. माझे वडील मिरजेत गाणं शिकवायचे. एका महोत्सवात भाषणं लांबली आणि गायिकेला तानपुरे जुळवायलाही वेळ दिला नाही, म्हणून अण्णांनी एका दैनिकाला पत्र लिहिलं. त्यात ना कुणाचं नाव होतं, ना वावगा शब्द. पण महोत्सवाचं सगळं ठरवणाऱ्या गृहस्थांना ते झोंबलं. त्यानंतर अण्णांना तिथं गायला बोलावणं आलं नाही. ते दरवर्षी तिकीट काढून मागच्या रांगेत बसायचे आणि पहाटे घरी येऊन कोण काय गायलं ते आईला सांगायचे. ते गृहस्थ पायउतार झाले तेव्हा अण्णा सत्तरीला टेकले होते. मग बोलावणं आलं. पूरिया गायले. दुसऱ्या दिवशी बातमीत छापून आलं, ‘उशिरा बहरलेला कलावंत’. स्वतःबद्दलचं प्रत्येक कात्रण ते रजिस्टरमध्ये डकवून खाली तारीख घालायचे. ते मात्र डकवलं नाही. चाळिशीतला त्यांचा पूरिया त्या मंडपानं ऐकलाच नाही, याची जबाबदारी कोणाची, हे बातमीदाराला विचारावंसं वाटलं नाही. तुमच्या लेखकांनाही वाटलं नाही.

आणि ओल्गा? अर्ध्या पानात तिचं नाव एकदाही येत नाही. यानाचेकचा मुलगा अडीच वर्षांचा असताना गेला. उरलेली ही एकुलती एक लेक पीटर्सबर्गला गेली असताना टायफॉइडनं आजारी पडली आणि २६ फेब्रुवारी १९०३ रोजी, ऐन एकविसाव्या वर्षी गेली. ‘येनूफा’ तेव्हा संपत आला होता. तिच्या सांगण्यावरून त्यानं तो तिला पियानोवर वाजवून दाखवला, आणि पुढे तिच्याच स्मृतीला अर्पण केला. लोक बोलतात त्यातले सूर टिपून ठेवायची त्याला आधीपासून सवय होती: बाजारातली बाई, रस्त्यावरची पोरं, जे कानावर पडेल ते वहीत स्वरांत उतरवायचं. ओल्गाच्या शेवटच्या दिवसांतलं बोलणंही त्यानं तसंच लिहून ठेवलं. काहींना हे निर्दय वाटतं. मला नाही वाटत. माणूस त्याच्या बोलण्याच्या सुरात सापडतो असं ज्याला मनापासून वाटत होतं, त्यानं जाणारी लेक धरून ठेवायला दुसरं काय करायचं?

माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्रनोला असतो, म्हणून मला ‘येनूफा’ तिथल्या यानाचेक नाट्यगृहात ऐकायला मिळाला. संवादांत पद्य नाहीच, सगळं गद्य. दुसऱ्या अंकात सावत्र आई येनूफाचं तान्हं बाळ शालीत गुंडाळून बाहेर नेते, नदीच्या बर्फाखाली बुडवायला. लेकीची अब्रू वाचवायची म्हणून. जाण्याआधी ती एकटीच स्वतःशी बोलते. वाक्य अर्ध्यावर तुटतं, तोच तुकडा पुन्हा वर चढून येतो. चेक भाषेचा एक शब्द मला येत नाही, तरी ती बाई आता काय करणार ते अंगावर आलं. हे त्यानं कामिला भेटायच्या किती आधी लिहिलंय! ‘कात्या काबानोवा’ या ऑपेरावर, ‘अंतरंग पत्रे’ या चार तंतुवाद्यांच्या रचनेवर कामिलाची छाया आहे, ती कोण नाकारतंय? पण त्याच्या कानाची घडण ओल्गाच्या उशाशी दिसते.

जाता जाता तुमच्या व्यवसायातली एक गोष्ट. यानाचेक ब्रनोच्या ‘लिदोवे नोविनी’ या दैनिकात लिहायचा आणि ते दैनिक त्याच्या मजकुरासोबत स्वरलिपीच्या ओळी छापायचं. ‘धूर्त कोल्हीण’ या त्याच्या ऑपेराची कथाही १९२० मध्ये त्याच दैनिकात चित्रांसह क्रमशः येत होती. घरकामाची बाई ती वाचून हसत होती, म्हणून त्याचं लक्ष गेलं. तुमच्याकडे मात्र मैफलींची परीक्षणं बंद होऊन किती काळ लोटला. आता शाल-श्रीफळ घेतलेल्या कलावंताचा फोटो येतो, तो काय गायला ते येत नाही. ते सदर पुन्हा सुरू करा.

आणि येत्या रविवारी, त्याच पानावर, दुरुस्ती छापा: ‘येनूफा’ पूर्ण १९०३, प्रागचा प्रयोग १९१६, कामिलाची भेट १९१७. मध्ये कोवार्झोविट्स यांचं नाव घालायला विसरू नका.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज