गॅम्बेलातली जमीन आणि आपली कंपनी

संपादक साहेब, नमस्कार,

आफ्रिकेत अन्न पुरत नाही म्हटलं की सगळे दुष्काळाकडे बोट दाखवतात, पण इथिओपियातलं गॅम्बेला बघा ना, तिथे बारो नदीचा पूर ओसरला की अनुआक लोक काठच्या गाळात मका-ज्वारी पेरतात, आपल्याकडची गाळपेरच म्हणा. २०१० मध्ये सरकारने तिथली १ लाख हेक्टर जमीन बंगळुरूच्या करुतुरी या गुलाबवाल्या कंपनीला लीजवर दिली, भाडं हेक्टरी वर्षाला २० बिर (इथिओपियाचं चलन), म्हणजे फुकटच! २०११ च्या पुरात कंपनीचा मका बुडाला (नदीचा स्वभाव गावकऱ्यांना विचारायचा होता की), बरीचशी जमीन पडीकच राहिली, २०१५ अखेर सरकारने करार रद्द केला. आफ्रिकेतल्या जमिनींवरून चीनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हेही वाचावं, ही कंपनी आपलीच होती.

- एक वाचक, सोलापूर