रेनडियरचे वजन उपग्रहाला कळत नाही

आर्क्टिक संशोधनावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. उपग्रह असताना माणसांनी तिथे जाऊन गारठण्याची गरज काय, हा त्यातील सूर मात्र पटला नाही. उपग्रहांना टुंड्रा, म्हणजे आर्क्टिकमधला वृक्षहीन गारठलेला प्रदेश, पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो. चारा वाढला म्हणजे जनावरे धष्टपुष्ट झाली असणार, असा अंदाज कुणीही घरबसल्या बांधेल. पण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर संशोधक हिवाळ्याअखेर रेनडियर पकडून चक्क काट्यावर घालतात. १९९४ मध्ये जन्मलेल्या माद्या प्रौढपणी सरासरी ५५ किलो भरल्या, २०१० मध्ये जन्मलेल्या ४८ किलोच्या आसपास. कारण भर हिवाळ्यात आता तिथे बर्फावर पाऊस पडतो, तो गोठून काचेसारखा थर धरतो आणि खालच्या वनस्पतींपर्यंत तोंड पोहोचत नाही. त्यात उन्हाळी चाऱ्यावर कळपही वाढलेले, म्हणजे वाटेकरी जास्त. हे गणित आकाशातून सुटले नसते. त्याच स्वालबार्डवर २००८ पासून आपले, म्हणजे भारताचे, ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. तिथेही प्राण्यांच्या अशा दीर्घकालीन नोंदींसाठी माणसे आणि पैसा मिळावा.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा