रिकाम्या तासांचीही नोंद व्हावी

महोदय,

बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसूनही बिबट्या दिसला नाही, पैसे वाया गेले, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांचा हिरमोड मी समजू शकते. पण ती रात्र वाया गेली असं मला वाटत नाही. का, ते सांगायला थोडं लांब जावं लागेल, थेट आफ्रिकेत.

माझा भाचा काही वर्षं झिम्बाब्वेत, बुलावायोला नोकरीला होता. तिथलं ह्वांगे राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,६०० चौरस किलोमीटरचं. आपलं बोरिवलीचं उद्यान सुमारे १०४, यावरून कल्पना यावी. कोरडा हंगाम संपत आला, पाऊस अजून यायचा आहे, अशा दिवसांतल्या पौर्णिमेला ‘वाइल्डलाइफ अँड एन्व्हायर्न्मेंट झिम्बाब्वे’ ही संस्था तिथे स्वयंसेवकांकडून चोवीस तासांची प्राणीगणना करून घेते. ही प्रथा पन्नासएक वर्षांची आहे. भाच्याबरोबर मीही गेले. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली. तिकिटं आणि रोकड यांचा मेळ बसल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. मोजायचं काम आहे म्हटल्यावर तर मला जायचंच होतं.

गाडी, पेट्रोल, जेवण, पाणी, सगळं ज्याचं त्याने आणायचं. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. प्रत्येक गटाला एक पाणवठा नेमून दिलेला असतो, तिथे त्याला ‘पॅन’ म्हणतात. ह्वांगेच्या बहुतेक भागात बारमाही नदी नाही, नुसती वाळू. १९२८ साली नेमलेले पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी बोअरवेल खोदून पंपाने पाणवठे भरायला सुरुवात केली, आणि आजही कोरड्या महिन्यांत प्राण्यांची भिस्त पंपाच्या पाण्यावरच असते. हत्तीला तर चिखलाचं पाणी नको असतं, तो पंपाच्या नळाचं तोंड शोधत जातो. मोठे नर तिथे सोंड लावून उभे राहतात आणि बाकीचे आपली पाळी येईतो मागे थांबतात. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. पहाटे चारच्या नळावरची बायकांची रांग मला तिथे आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

एकाने दुर्बीण धरायची, एकाने कागद. कोणता प्राणी, किती, नर-मादी, पिल्लं किती, किती वाजता. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एकदा लिहिलेला कळप झुडपाला वळसा घालून परत आला तर पुन्हा लिहायचा नाही, त्यासाठी कोण कुठून आलं आणि कुठे गेलं यावर नजर ठेवावी लागते. सर्वांत अवघड पिल्लं. ती आईच्या पोटाखाली असतात, वर धूळ, आणि उजेड फक्त चांदण्याचा. आठ ते नऊ या एका तासात आम्ही १४३ हत्ती लिहिले. माझ्या बोटांना रग लागली होती.

आणि मग पहाटे तीन ते चार, काही नाही. एक कोल्हासुद्धा नाही. मी तो रकाना कोरा सोडला. गाडीत आमच्याबरोबर तिथल्याच एक वयस्क बाई होत्या, वर्षानुवर्षं त्याच पाणवठ्यावर मोजायला येणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि रकान्यात शून्य काढलं. कोरा ठेवलात तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही झोपला होतात, त्या म्हणाल्या. त्या वर्षी ती नेमकी कोजागरीची रात्र होती. ‘को जागर्ति’ मी लहानपणापासून ऐकत आले. त्याचं उत्तर मी पहिल्यांदा कागदावर लिहिलेलं पाहिलं.

एका रात्रीच्या मोजणीवरून जंगलात एकूण किती प्राणी आहेत ते कळत नाही, हे तिथलेही मान्य करतात. एखादी अवकाळी सर आली, रानातले खड्डे भरले, की पाणवठ्यावरची गर्दी ओसरते, प्राणी मात्र तेवढेच असतात. पण तोच पाणवठा, तोच हंगाम, तीच पद्धत, असे दहा-वीस वर्षांचे कागद शेजारी ठेवले की चढउतार दिसू लागतो. २०१४-१५ मध्ये आफ्रिकेतल्या १८ देशांत विमानांतून हत्ती मोजले. सात वर्षांत सुमारे ३० टक्के हत्ती घटले हे त्यातून कळलं, पण ते फक्त १५ देशांपुरतं. तिथले जुने आकडे कुणीतरी जपले होते म्हणून.

आपल्याकडे मचाणावरून प्राणी मोजायला वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा निवडली ती याच विचाराने. पाणी आटलेलं, चांदणं भरपूर. आता वाघ-बिबट्यांची मोजणी कॅमेऱ्याने होते, कारण प्रत्येकाचे पट्टे आणि ठिपके वेगळे. ते योग्यच आहे. म्हणून मचाणाची रात्र आता मुख्यतः अनुभवासाठी उरली. पण भेकर, साळिंदर, रानडुक्कर, उदमांजर यांची दखल कोण घेणार? मागे इथल्याच एका अभयारण्यात मी रात्रभर नोंद केली. एक वाजून वीस मिनिटांनी साळिंदर आलं, नंतरचे तीन तास शून्य. सकाळी नाश्ता मिळाला, जीप आली, माझा कागद कुणी मागितला नाही.

माझं मागणं मोठं नाही. मचाणावर जाणाऱ्या प्रत्येकाला छापील तक्ता द्यावा आणि सकाळी तो आठवणीने गोळा करावा. पाणवठ्यानुसार वर्षावर्षाचे आकडे अभयारण्याच्या फाटकाशी लावावेत. ज्यांची तयारी आहे त्यांना दरवर्षी तेच मचाण द्यावं, कारण जागा ओळखीची झाली की नजर स्थिरावते. पत्रलेखक वाचकांनाही विनंती, बिबट्या सोडून त्या रात्री पाण्यावर कोण कोण आलं, किती वाजता आलं, ते आठवतंय तोवर लिहून ठेवा.

माझा तो कागद मी जपून ठेवला आहे. कुणी मागितला तर मूळ प्रत देईन.

– एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई