उदासीन न्यायाधीश कोणाला हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायव्यवस्थेवरील आपल्या अलीकडच्या अनुवादित लेखात ‘न्यायाधीश खटल्याबाबत उदासीन असावा’ असे वाक्य आहे. पुढच्याच ओळीत त्याने प्रत्येक कागद बारकाईने वाचावा, अशी अपेक्षा! मूळ इंग्रजीत ‘डिसइंटरेस्टेड’ असणार आणि अनुवादकाने ते ‘अनइंटरेस्टेड’ समजून घेतले असणार.

‘इंटरेस्ट’ म्हणजे रस आणि ‘इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंधही. घोळ तिथेच होतो. ‘अनइंटरेस्टेड’ माणसाला रस नसतो, तो जांभया देत बसतो. ‘डिसइंटरेस्टेड’ माणसाचे निकालात काही अडकलेले नसते. त्याला रस असायला मात्र काहीच हरकत नाही. पंचाला तर तो हवाच.

हा भेद अनादी काळापासूनचा आहे असे सांगणारे मात्र इतिहास पाहत नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात ‘डिसइंटरेस्टेड’चा ‘रस नसलेला’ याच अर्थाचा दाखला १६३१ मध्ये वारलेल्या जॉन डन या कवीचा आहे. उलट, ‘अनइंटरेस्टेड’ सतराव्या शतकात ‘निःपक्ष’ या अर्थाने वापरला जाई. आजचा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला. म्हणजे दोघांनी चक्क जागा बदलल्या! आजही अनेक इंग्रजी भाषक ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘अनइंटरेस्टेड’च्या अर्थाने सर्रास वापरतात, आणि त्यांना अडाणी म्हणणे मला पटत नाही.

तरीही भेद पाळावा, कारण ‘डिसइंटरेस्टेड’चे काम दुसरा कोणताही शब्द नीट करत नाही. ‘इम्पार्शल’ (निःपक्षपाती) हा शब्द माणसाच्या वागण्याबद्दल सांगतो, ‘डिसइंटरेस्टेड’ त्याच्या स्थानाबद्दल. ज्याचा पैसा गुंतला आहे तोही प्रयत्नपूर्वक निःपक्षपातीपणे वागू शकतो. आणि ज्याचा छदामही गुंतलेला नाही, तो मनातल्या आवडीनिवडीमुळे एका बाजूला झुकू शकतो. म्हणून मराठीत ‘तटस्थ’ किंवा ‘निःपक्षपाती’ लिहून भागत नाही. ‘हितसंबंध नसलेला’ हे लांबलचक वाटले तरी अचूक आहे. (‘निःस्वार्थी’ तर नकोच, त्यात त्यागाचा वास येतो.)

अनुवादकांनी नामरूपाकडेही लक्ष द्यावे. ‘डिसइंटरेस्ट’ हे नाम आज बहुतेक वेळा अनास्था याच अर्थाने येते. हितसंबंध नसणे सांगायचे असेल, तर जाणकार लेखक ‘डिसइंटरेस्टेडनेस’ असे जड रूप वापरतात.

आपला,
एक नियमित वाचक