लेबलवर मँगनीज, कुपीत तांबे-जस्त: एन्झाइम संचाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'मँगनीज एसओडी' म्हणून पाठवलेली कुपी आणि कॅटालेजचा बफर सदोष असल्याबाबत

महोदय,

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने आपल्याकडून अँटिऑक्सिडंट एन्झाइमांचा संच मागवला होता. त्यातल्या एका कुपीवर 'मँगनीज एसओडी, ई. कोलाय' असे छापले आहे, म्हणजे ई. कोलाय जिवाणूतले मँगनीजयुक्त सुपरऑक्साइड डिसम्युटेज. सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे घातक रूप निकामी करणाऱ्या या एन्झाइमचे धातूनुसार मँगनीज, लोह, तांबे-जस्त असे प्रकार असतात. कुपीत मँगनीज एसओडी नाही. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी 'सोलापूरच्या उन्हात माल खराब झाला असेल' असे सांगून हात झटकले, म्हणून लेखी तक्रार करत आहे.

उन्हाचे आधी बोलते. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पार्सलमधल्या बर्फाचे पाणी झाले होते, हे दोन्ही खरे. पण उष्णतेने एन्झाइम मेले असते तर आमच्या चाचणीच्या जेलवर त्याचा पट्टाच उमटला नसता. तो लख्ख उमटला. उन्हाने एन्झाइमचा जोर ओसरतो. मँगनीजच्या जागी तांबे येऊन बसत नाही.

आमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी मालदांडी ज्वारीच्या रोपांवर पाण्याचा ताण पडला की ही एन्झाइमे कशी बदलतात ते तपासते आहे. त्यासाठी 1971 पासून चालत आलेली बोशाँ आणि फ्रिडोविच यांची पद्धत आम्ही वापरतो. नायट्रोब्लू टेट्राझोलियम आणि रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेले जेल ट्यूबलाइटखाली ठेवले की जांभळट निळे होते. जिथे एसओडी असेल तेवढीच पट्टी कोरी राहते. आम्ही तीन जेल चालवले: एक साधे, एक 3 मिलिमोलर पोटॅशियम सायनाइडमध्ये भिजवलेले आणि एक 5 मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. तांबे-जस्त एसओडी या दोन्हींपुढे निकामी होते. लोहाचे सायनाइडला दाद देत नाही, पण पेरॉक्साइडने मरते. मँगनीजचे दोन्हींत टिकते.

सायनाइडच्या जेलमध्ये ज्वारीच्या अर्कातली सगळ्यात वरची पट्टी, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या मँगनीज एसओडीची, जशीच्या तशी कोरी होती. शेजारच्याच रांगेत आपल्या कुपीतल्या एन्झाइमची पट्टी साफ निळी झाली. पेरॉक्साइडच्या जेलमध्येही तसेच. खात्रीसाठी आम्ही नमुन्याला क्लोरोफॉर्म-इथेनॉलही लावून पाहिले. त्यात मँगनीजचे एन्झाइम नष्ट होते आणि तांबे-जस्ताचे तगते. आपले तगले. ई. कोलायमध्ये तांबे-जस्ताचाही एक प्रकार थोड्या प्रमाणात असतो, हे मला ठाऊक आहे; पण लेबलवर मँगनीज लिहून तो विकता येत नाही. आमचा अंदाज असा, की कुपीत गाईच्या तांबड्या रक्तपेशींतले एसओडी भरले गेले. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये गाईच्या रक्तातूनच ज्याची ओळख पटवली, तेच हे तांबे-जस्ताचे एन्झाइम.

यापेक्षाही मला लागले ते संचातले माहितीपत्रक. त्यात 'सायनाइडने सर्व एसओडी बंद होतात' असे छापले आहे. हे चूक आहे, आणि आपल्या चुकीच्या कुपीवर ते नेमके पांघरूण घालते. शेजारी ज्वारीचा अर्क नसता, तर विद्यार्थिनीने कुपीवर भरवसा ठेवून आपल्याच खऱ्या मँगनीज पट्टीला भलते नाव दिले असते.

हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटालेज या एन्झाइमच्या बफरची गोष्ट थोडक्यात सांगते. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत '0.02 टक्के सोडियम अझाइड' असे आहे. अझाइडने बुरशी-जिवाणू वाढत नाहीत हे ठीक, पण कॅटालेजमधल्या हीमच्या लोहाला ते चिकटते आणि एन्झाइम बंद पाडते. कॅटालेज पेरॉक्साइड फोडते तसे 240 नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण घटते. आपल्या बफरमध्ये ज्वारीच्या अर्काचे हे रीडिंग जवळपास हललेच नाही. आम्ही बनवलेल्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये त्याच अर्काने ते भराभर खाली आणले. ताण पडलेल्या ज्वारीत कॅटालेज उरत नाही, असा खोटा निष्कर्ष एखाद्या प्रबंधात जायला एवढे पुरेसे आहे. कॅटालेज मोजायच्याच संचात अझाइड घालताना कोणाच्याच लक्षात आले नाही का?

आम्हाला खरे मँगनीज एसओडी आणि अझाइड नसलेला बफर आपल्या खर्चाने, सुक्या बर्फात घालून पाठवावा. नव्या कुपीसोबत सायनाइड आणि पेरॉक्साइड दोन्हींच्या चाचणीचे जेलचे छायाचित्र हवे. नुसते 'गुणवत्ता तपासली' असा शिक्का चालणार नाही. आणि हा बॅच ज्या ज्या प्रयोगशाळेत गेला असेल तिथे तिथे आपण होऊन कळवा. ही मागणी मी पैशाच्या परताव्याच्याही वर ठेवते, कारण आमच्या मुलीची चूक वेळीच पकडली गेली, बाकीच्यांची पकडली जाईलच असे नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास महाविद्यालयाच्या खरेदी समितीमार्फत पुढची कारवाई करावी लागेल.

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख, जैवरसायनशास्त्र विभाग
सोलापूर

सोबत: तिन्ही जेलची छायाचित्रे, कॅटालेजची रीडिंग, कुपी व बाटलीच्या लेबलांचे फोटो, बिलाची प्रत. उरलेली कुपी फ्रीजरमध्ये सील करून ठेवली आहे. आपला माणूस पाठवून तपासायला नेता येईल.